पुरुषवाडीची पाळीची वही

गुरुवार

घोटी सोडून एसटी बारीकडे निघाली की डाव्या हाताला कळसूबाईचा डोंगर सोबत करू लागतो. मे महिन्याचा शेवटचा आठवडा. डोंगर पार तांबूस पडलेला, कारवीच्या नुसत्या काड्या उभ्या, पाऊस अजून आठ-दहा दिवस लांब. बरोबर भाची होती. तिला काजवे बघायचे होते, मला काजवे दाखवणारं गाव बघायचं होतं. अकोले तालुक्यातली पुरुषवाडी आमच्या दोघींच्याही कामाची निघाली.

शेंडीला गाडी थांबली तेव्हा तिला भंडारदऱ्याचं धरण दाखवलं. प्रवरेवरचं हे विल्सन धरण १९२६ साली पुरं झालं. त्याचं पाणी कालव्यांनी खाली संगमनेर, राहाता, श्रीरामपूरकडे जातं आणि त्या पाण्यावर तिकडे ऊस उभा राहिला, साखर कारखाने उभे राहिले. धरणाच्या वरच्या अंगाला घाटघर-रतनवाडीत पावसाळ्यात आभाळ फाटल्यागत पाऊस कोसळतो, आणि त्याच पट्ट्यातल्या बायका एप्रिल-मेमध्ये हंडे घेऊन झऱ्यापाशी ताटकळतात. भाचीला हे आधी सांगणं मला गरजेचं वाटलं. डोंगरातलं बहुतेक सगळं डोंगर उतरून जातं. पाणी जातं, हिरडा जातो, भात निघालं की दिवाळीनंतर माणसंही जातात. कुणी नारायणगाव-ओतूरच्या टोमॅटोच्या मळ्यांत, कुणी दिंडोरीच्या द्राक्षबागांत. ‘गावात रोजगार’ म्हणजे काय, हे या जाण्याचा हिशेब डोक्यात ठेवल्याशिवाय कळत नाही.

राजूरला उतरलो. इथला पेढा नावाजलेला, पण तो परतीसाठी राखून ठेवला आणि काळी-पिवळीत बसलो. गावात पोचेपर्यंत उन्हं कलली होती.

पुरुषवाडी कुरकुंडी आणि मुळा या दोन नद्यांच्या मध्ये, डोंगराच्या उतारावर वसलेली आहे. वस्ती महादेव कोळी समाजाची. इंग्रज सरकारविरुद्ध आणि सावकारांविरुद्ध उठलेले राघोजी भांगरे याच समाजातले आणि याच तालुक्यातल्या देवगावचे. २ मे १८४८ रोजी त्यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिलं गेलं. आमच्या मुक्कामाच्या घरात त्यांची तसबीर देवघराशेजारी होती.

गावाच्या पर्यटन समितीतले एक दादा ओट्यावर भेटले. पाणी दिलं, चहा दिला आणि मग नियम सांगितले. रात्री पायवाट सोडायची नाही. बॅटरी सांगितल्याशिवाय लावायची नाही. फोटो विचारून काढायचे. पोरांना चॉकलेट वाटायची नाहीत, पैसे हातात द्यायचे नाहीत. बोलण्यात कुठे अजीजी नव्हती. जेवण ज्या घरी असेल तिथं त्या घरचं जे असेल तेच मिळेल, हेही त्यांनी तितक्याच सरळपणे सांगून टाकलं.

रात्री नागलीची भाकरी, हुलग्याचं पिठलं, खुरासणीची चटणी आणि भात. खुरासणी आमच्याकडे नाशकात आता वाण्याकडेही सहजी मिळत नाही. दमलो होतो, लवकर झोपलो.

शुक्रवार

पहाटे मुक्कामाच्या घरच्या वहिनींबरोबर आम्ही खाचराकडे, म्हणजे भाताच्या शेताकडे गेलो. खाचरात एका कोपऱ्यात काळा पडलेला चौकोन होता. राबाची जागा. शेण, पालापाचोळा, वाळल्या फांद्या आणि गवत यांचे थर एकावर एक रचून, वर बारीक माती पसरून ते उन्हाळ्यात पेटवतात. त्या भाजलेल्या जमिनीत पहिल्या पावसाला भात पेरायचं आणि रोप वीतभर-हातभर झालं की उपटून चिखलात आवणी करायची. वहिनींनी चिमूटभर माती उचलून भाचीच्या तळहातावर ठेवली. राखेने ती मऊसूत झाली होती, खाली बोट घातलं तर जमीन अजून कठीण. “तण मरतंय, किडा मरतोय, रोप जोमानं येतंय,” वहिनी म्हणाल्या. राबाला लागणाऱ्या फांद्यांसाठी झाडं किती छाटायची, यावरून वनखात्याशी या भागातल्या लोकांचे वाद जुने आहेत. पण झाड मुळातून तोडायचं नाही, फांदीच घ्यायची, आणि तीही आलटून पालटून, हे वहिनींना कुणी शिकवलेलं नव्हतं.

तिथून वर डोंगराच्या अंगाला समतल चर बघायला गेलो. एका उंचीवरून खणलेल्या या लांब नाळ्या आता बुजत आल्यात, त्यांच्या काठाने गवत आणि झाडोरा वाढलाय. काही वर्षांपूर्वी ‘वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट’ या संस्थेबरोबर गावाने पाणलोटाची कामं केली. चर, दगडी बांध, नाल्यातले बंधारे. अशा कामांत पहिली अट असते कुऱ्हाडबंदी, चराईबंदी आणि श्रमदान. म्हणजे डोंगरावर गुरं मोकळी सोडायची नाहीत, झाड तोडायचं नाही, आणि प्रत्येक घराने अंगमेहनत द्यायची. ही अट कागदावर लिहायला सोपी. ज्याच्याकडे चार शेळ्यांशिवाय काही नाही त्याला ती पटवायची तर गावाला रात्र-रात्र बसावं लागतं.

दादा चराच्या काठावर बसून म्हणाले, “बसायची सवय तवाच लागली. भांडायची बी. भांडून परत बसायची.”

पर्यटनाचं काम इथे का टिकलं, याचं उत्तर मला या वाक्यात मिळालं. मुंबईच्या ‘ग्रासरूट्स’ या उपक्रमाने २००६च्या सुमारास पुरुषवाडीपासून ग्रामपर्यटन सुरू केलं. पुढे शहापूरजवळचं देहणे आणि जव्हारजवळचं वाळवंडा ही गावंही त्यात आली. बाहेरच्यांनी पाहुणे आणले, बुकिंग सांभाळलं, स्वयंपाकघराची स्वच्छता आणि वाटाड्यांचं प्रशिक्षण केलं. पण कुणाच्या घरी जेवण, कुणी वाट दाखवायची, किती माणसं घ्यायची, हे गावसमिती ठरवते. गाव आधी पाण्यासाठी एकत्र बसलेलं नसतं, तर पाहुण्यांच्या पैशावरून पहिल्याच हंगामात फुटलं असतं, असं मला वाटतं. डोंगरात होमस्टेच्या योजना आखणाऱ्या सगळ्यांनी आधी इकडे लक्ष द्यावं. गाद्या-उशा आणि फलक एका आठवड्यात येतात, एकत्र बसण्याची सवय येत नाही.

दुपारी दादांनी पाळीची वही दाखवली. शाळेतल्या पोराची असावी तशी साधी, पुठ्ठ्याला चिकटपट्टी लावलेली. पानाला पट्टीने रकाने आखलेले: तारीख, घर, किती ताटं, किती पैसे, सही. सह्यांच्या रकान्यात मधूनमधून निळे अंगठे. जेवणाची पाळी घरांमागून घरं फिरते. आज ज्या घरी पाहुणे जेवले त्या घराचा नंबर सगळी घरं होईपर्यंत परत येत नाही. वाटाड्या पोरांचंही तसंच. दर ठरलेला, त्यात घासाघीस नाही. पैशातला मोठा वाटा ज्याने काम केलं त्याच्या घरात जातो, एक वाटा गावाच्या निधीत जमा होतो. निधीचं काय करायचं ते बैठकीत ठरतं.

भाचीने चटकन विचारलं, “एखाद्या घरचा स्वयंपाक जास्त चांगला असेल आणि पाहुणे तेच घर मागत असतील तर?”

“मागत्यात ना. नाय देत आम्ही,” दादा म्हणाले.

एवढंच. पण या ‘नाय देत’मध्ये मला सगळं काम दिसलं. बाजाराच्या नियमाने चाललं असतं तर रस्त्याकडेचं, पक्क्या बांधकामाचं, बोलक्या मालकाचं घर दोन वर्षांत हॉटेल झालं असतं आणि बाकीची घरं त्या हॉटेलात भांडी घासायला गेली असती. पाळीमुळे पैसा थोडा-थोडा होतो, पण सगळीकडे झिरपतो. मग लांबच्या वाडीचं काय, ज्या घरी अजून संडास धड नाही त्या घराचं काय, हेही मी विचारलं. दादांनी टाळलं नाही. या गोष्टींवरून बैठकीत दरवर्षी बोलणं होतं म्हणाले, आणि ज्याची पाळी चुकते तो गप्प बसत नाही.

पैसे किती सुटतात? आकडा सांगून कुणाला भुलवायचं नाही. पाहुणे मुख्यतः काजव्यांच्या आणि पावसाळ्याच्या हंगामात येतात. एका घराच्या वाट्याला वर्षात मोजकेच दिवस. वहिनींनी त्या पैशातून मुलीची अकोल्यातली वसतिगृहाची फी भरली आणि यंदा खताची उधारी केली नाही. घर चालतं ते भात, नागली, वरई, हिरडा आणि मजुरीवर. “लॉकडाऊनला एक पाहुणा नव्हता,” वहिनी म्हणाल्या. “कणगीत भात व्हतं, म्हणून काय वाटलं नाय.” कणगी त्यांच्या माजघरातच आहे. बांबूची विणलेली, शेणामातीने लिंपलेली, माझ्या खांद्याला लागेल एवढी उंच. शेजारी मडक्यांतून राखेत घोळलेलं बियाणं, वालाचं, घेवड्याचं, काकडीचं. देशी बियाण्यांसाठी पद्मश्री मिळालेल्या राहीबाई पोपेरे याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या. त्यांचं नाव देशभर झालं ते योग्यच झालं, पण अशी मडकी इथल्या घराघरांत आहेत आणि ती रिकामी होऊ लागली होती, म्हणून तर त्यांच्या कामाचं मोल. पर्यटनामुळे या मडक्यांना उलट थोडा आधार मिळालाय. पाहुण्याला गावचा तांदूळ आवडतो, तो किलो-दोन किलो विकत मागतो, म्हणून जुनं वाण लावायला कारण राहतं.

संध्याकाळी करवंदं खात बसलो. अंधार पडला, जेवणं झाली, आणि वाटाड्या पोरगा आम्हाला घेऊन ओढ्याच्या बाजूला निघाला. त्याच्या बॅटरीच्या काचेवर लाल कागद बांधलेला. सातजण एका ओळीत.

पहिल्यांदा एक दिसला. मग बांधावर चार-पाच. वळण घेतलं आणि समोर सादड्याचं झाड उभं होतं. बुंध्यापासून शेंड्यापर्यंत हजारो काजवे एका लयीत पेटत होते आणि विझत होते. विझले की झाड अंधारात पूर्ण नाहीसं व्हायचं. परत पेटले की एकेका फांदीची ठेवण दिसायची. लाट खालून वर जायची, क्षणभर थांबायची, शेजारच्या हिरड्यावर उतरायची. कुणी बोललं नाही. भाचीने माझा दंड घट्ट धरला होता.

पोराने हळू आवाजात सांगायला सुरुवात केली. काजवा म्हणजे भुंगेऱ्यांच्या जातीचा कीटक. महिनोन् महिने तो अळीच्या रूपात ओलसर मातीत राहतो, गोगलगायी खातो. पंख फुटल्यावरचं आयुष्य काही आठवड्यांचं, तेवढ्यात जोडीदार शोधायचा. उडतात आणि लुकलुकतात ते बहुतेक नर. मादी खाली झुडपात, गवतात बसून हलक्या उजेडाने उत्तर देते. तिचं उत्तर नराला दिसलं पाहिजे. त्याने वाकून पायवाटेच्या कडेचं एक पान बोटाने किंचित उचललं. पानाखाली, जमिनीपासून वीतभर उंचीवर, एक पिवळसर हिरवा ठिपका होता. थांबून-थांबून उजळत होता. आमच्यातल्या कुणी पायवाट सोडून एक पाऊल टाकलं असतं तर तो चप्पलेखाली गेला असता.

“म्हणून वाट सोडायची नाय,” पोरगा म्हणाला. “आणि मोबाईलचा फ्लॅश मारला तर वरच्याला खालची दिसत नाय.”

हा मुलगा बारावी झालाय. आधी पुण्याजवळ कंपनीत होता, आता शेती करतो आणि हंगामात वाट दाखवतो. काजव्यांबद्दल तो जे बोलला त्यातलं काही प्रशिक्षणात कळलेलं, बरंचसं आजीकडून. काजवे कुठल्या झाडावर आधी लागतात त्यावरून पाऊस कधी येणार ते आजी सांगते, म्हणे.

शनिवार

सकाळी निरोप घेतला. वहिनींकडून तांदूळ घेतला, पैसे समितीकडे भरले, पावती घेतली. राजूरला उतरून पेढे घेतले आणि शेंडीची गाडी पकडली. भंडारदऱ्यालाही काजवे असतात आणि तिथे शनिवारी रात्री काय होतं ते भाचीला दाखवायचं होतं.

दिवसा रतनवाडीला जाऊन आलो. अमृतेश्वराचं देऊळ कितव्यांदा बघतेय कोण जाणे, पण खांबांवरची नक्षी दरवेळी नवीन वाटते. मागे रतनगड, त्याचा खुट्टा आकाशात. देवळाजवळ जांभळं आणि रायवळ आंबे विकणाऱ्या बायका होत्या.

संध्याकाळ झाली तशा गाड्या यायला लागल्या. आठ वाजेपर्यंत जलाशयाभोवतीच्या एकेरी रस्त्यावर बंपरला बंपर लागला. हेडलाइट, हॉर्न, गाडीचं छप्पर उघडून वर बसलेली पोरं. हा सगळा भाग १९८६ साली जाहीर झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यातला. वनखाते वेळेचं बंधन घालतं, नाक्यावर पावती फाडतं, पण एका रात्रीत एवढी माणसं आली तर मोजक्या वनरक्षकांनी काय करावं? झाडांपाशी मोबाईलचे उजेड फिरत होते. एका काकांनी लेकराला दाखवायला म्हणून फांदी हलवली. काजवे उडाले, लेकरू खूश झालं. त्या माणसाच्या मनात वाईट काही नव्हतं, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. आदल्या रात्री आम्हाला सांगायला एक गाव होतं. माझ्या लेखी दोन रात्रींतला सगळा फरक एवढाच, आणि तो फार मोठा आहे.

भाची खूप वेळ गप्प होती. मग म्हणाली, “मावशी, या झाडाखालच्या सगळ्या माद्या मेल्या असतील.”

सगळ्या नाही, पण पुष्कळ. आणि मादी मेली की पुढच्या मेमधले काजवे मातीत पोचतच नाहीत.

रविवार

सकाळी एका टपरीवर चहा घेतला. टपरीवाल्या ताई शेजारच्याच वाडीतल्या. रात्रभर भजी तळून डोळे लाल झालेले. गर्दीबद्दल त्या वैतागून बोलतील असं मला वाटलं होतं. त्या म्हणाल्या, “लोकं येऊ द्या ताई. या महिन्यात आमचं पुढच्या चार महिन्यांचं भागतं.” हे ऐकून घेतलंच पाहिजे. तळ्याकाठच्या तंबूवाल्यांत स्थानिक पोरंही आहेत, ती कर्ज काढून उभी राहिलीत, आणि ‘गर्दी नको’ म्हणणं शहरातून आलेल्या बाईला सोपं असतं. ताईंचं दुखणं वेगळं होतं. रात्री वाडीत गाड्या घुसतात, शेतात बाटल्या फुटतात, काचा आवणीच्या वेळी पायात जातात. पार्किंग कुठे करायचं, गाड्या किती सोडायच्या, हे त्यांना कुणी विचारत नाही. “आमच्याच दारात, आन् आमालाच ठाव नाय,” त्या म्हणाल्या.

पुरुषवाडी लहान आहे, आडबाजूला आहे, आठवड्याला मोजकी माणसं घेते. तीच पद्धत जशीच्या तशी भंडारदऱ्याला लावा असं म्हणण्यात अर्थ नाही. पण गाड्या शेंडीलाच थांबवून तिथून गावच्या जीपनी पाळीपाळीने लोकांना नेणं, प्रत्येक वाडीने आपल्या हद्दीतली झाडं सांभाळणं आणि गटामागे एक गावचा वाटाड्या सक्तीचा करणं, एवढं तर उद्या सुरू करता येईल. त्यात ताईंची भजीही विकली जातील. ग्रामसभा आणि वनखातं एका सतरंजीवर बसले तर हे अवघड नाही, आणि या सगळ्या डोंगरपट्ट्यात वेळ फार उरलेला नाही.

घोटीच्या गाडीत बसल्यावर भाचीने दादांना फोन लावला. तिला मैत्रिणींना घेऊन आवणीला जायचंय, चिखलात उतरून रोपं लावायची आहेत. जुलैचा पहिला शनिवार-रविवार मागितला. दादांनी थांबायला सांगितलं, पलीकडे कुणाला तरी विचारलेलं ऐकू आलं. मग म्हणाले, तेव्हा नाही जमायचं, सगळी घरं शेतात असतील, स्वयंपाकाला माणूस नाही. पंधरा तारखेनंतर या. आठजणीच या, जास्त नको. आणि येताना जुनी चप्पल आणा, नवी चिखलात राहते.